भिंतीच्या पोटात

मागच्या उन्हाळ्यात गावाकडचा वाडा उतरवला. आम्ही वाडा म्हणतो, खरं तर औसा तालुक्यातल्या लहानशा गावातलं सात खणांचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, पण भिंती अशा रुंद की लहानपणी मी खिडकीत पाय पसरून झोपायचो. चुलत्यांच्या वाटण्या झाल्या, आमच्याकडं पूर्वेची बाजू आली, ती दोन पावसाळ्यांपासून फुगलेली होती आणि शेवटी अण्णांनी मन घट्ट केलं, म्हणाले नवीन बांधू. मी लातूरला साईट इंजिनीयर आहे त्यामुळं काम बघायचं माझ्याकडं आलं. जेसीबी लावायचा नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं, सगळं लाकूड सागवानी, त्याचा चुरा करायचा नव्हता, म्हणून चार मजूर आणि आमचे जुने गवंडी, ज्यांना अख्खं घर मामा म्हणतं, हातानं एकेक दगड उतरवत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी हाक मारली, "इकडं ये जरा लेका, भिंतीत खांब हाय."

गेलो तर खरंच, तीन फुटी दगडी भिंतीच्या ऐन पोटात सागवानी खांब उभा, खाली दगडी उथळा, म्हणजे खांबाची बैठक, वर तुळई, आणि चार-पाच हातांवर दुसरा, मग तिसरा. मला आजवर वाटायचं की मधल्या सोप्यातले खांब मधलं वजन घेतात आणि कडेचं माळवद भिंतीवर बसलेलं आहे. सगळ्यांना तसंच वाटायचं. आणि इथं दिसत होतं की त्या भिंतीवर माळवदाचं वजनच नाही, सगळं ओझं लाकडाच्या सांगाड्यावर, भिंत नुसती उन्हाला, पावसाला आणि चोरांना आडवी उभी.

आता हे मला इतकं का लागलं ते सांगतो. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. ३० सप्टेंबर, विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आसपास. आमचं गाव किल्लारीपासून लांब म्हणून वाचलं, तरी याच पूर्वेच्या भिंतीचा बाहेरचा पदर पूर्ण ढासळला होता आणि आतल्या बाजूला आजी झोपलेली होती, तिच्या डोक्यावरचं माळवद, दोन फूट मातीचं, किती टनाचं असेल ते, जागच्या जागी राहिलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली त्यातली कितीतरी याच दगडमातीच्या भिंतींखाली, कारण ह्या भिंती दोन पदरी असतात, बाहेर चांगले दगड, आत चांगले दगड, मधे चिपा आणि माती भरलेली, आणि दोन्ही पदर एकमेकांना बांधणारा आरपार लांब दगड, ज्याला आम्ही थ्रू स्टोन म्हणतो, तो बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. हादरा बसला की दोन्ही पदर सुटे होतात. आजी शेवटपर्यंत म्हणायची की भवानीनं हात दिला. खांब बघून मला वाटलं आजीचं बरोबरच होतं, हात होताच, भिंतीत होता.

अण्णांना विचारलं की भूकंपानंतर भिंत परत रचली तेव्हा हे दिसलं नाही का, तर ते म्हणाले, "आतला पदर तसाच हुता की, बाहिरचे दगड परत रचले न् झालं. तवा बघायची शुद्ध कुणाला हुती."

त्या रात्री अंगणात बाजेवर पडून मी मोबाईलवर शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगचे जुने फोटो शोधत बसलो. कॉलेजात स्टीलचा विषय शिकवताना आमच्या सरांनी ही बिल्डिंग सांगितली होती, तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो. विल्यम ले बॅरन जेनी नावाच्या इंजिनीयरनं १८८५ मधे बांधलेली दहा मजली इमारत, बाहेरून बघितली तर दगडविटांची वाटते, पण आत लोखंड आणि स्टीलचा सांगाडा, आणि जगातली पहिली स्कायस्क्रेपर म्हणून तिचंच नाव घेतात. पुढचा भाग वाचून मी उठून बसलो. १९३१ मधे ती पाडायला काढली तेव्हा एक समिती नेमली, आणि त्या लोकांनी इमारत उतरवली जात असताना बारकाईनं तपासलं की वजन नक्की कोण घेत होतं, भिंत का सांगाडा, आणि मग सांगितलं की मुख्य वजन सांगाडाच घेत होता. इतिहासकारांचा वाद अजून आहे, काही भिंतीही वजन घेत होत्याच. पण माझ्यासाठी मुद्दा वेगळा आहे, ४६ वर्षं लोक त्या इमारतीत आले गेले आणि ती कशावर उभी आहे ते नीट बघायला तिला पाडावं लागलं. आमच्या भिंतीसारखंच.

त्याच शिकागोत मोनॅडनॉक नावाची इमारत आहे, १८९१ ची, ती अजून वापरात आहे. तिचा जुना अर्धा भाग सोळा मजली आणि त्याच्या बाहेरच्या भिंती विटांच्या, खऱ्याखुऱ्या वजन घेणाऱ्या, त्यामुळं तळाला भिंतीची जाडी सहा फूट. सहा फूट म्हणजे आमच्याकडच्या गढीच्या भिंतीची आठवण यावी. मजले जसे चढवाल तशी खालची भिंत जाड करावी लागते आणि खाली दुकानाला जागाच उरत नाही, हा त्या पद्धतीचा शेवटचा टप्पा होता. एवढं वजन शिकागोच्या चिकणमातीवर ठेवल्यावर इमारत खचणार हे बांधणाऱ्यांना माहीत होतं, आठ इंच खचेल असा हिशोब धरला होता, ती १९४८ पर्यंत वीस इंच खचली, आणि त्यामुळं रस्त्यावरून आत जाताना पायरी उतरून जावं लागतं. आपल्या काळ्या मातीवर ज्यानं घर बांधलंय त्याला हे सांगायची गरज नाही, उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंतीला तडा जातो.

त्या रात्रीपासून मला नादच लागला. साईटवरून आलो की जेवण झाल्यावर जुन्या उंच इमारतींत काय काय दडलंय ते वाचत बसायचं. माझी मुलगी सहावीत आहे, ती शेजारी येऊन बसायची, आणि तिला सगळ्यात आवडली ती क्रायस्लर बिल्डिंगची गोष्ट. मलाही तीच आवडते.

१९२९ चं न्यूयॉर्क. जगातली सगळ्यात उंच इमारत कोणाची यावरून चढाओढ चालू, एकीकडं क्रायस्लर, आर्किटेक्ट विल्यम व्हॅन ॲलन, दुसरीकडं ४० वॉल स्ट्रीट, आर्किटेक्ट क्रेग सेव्हरन्स, आणि हे दोघं आधी पार्टनर होते, मग फाटलं. म्हणजे आपल्याकडं भावकीत एकानं माळवदावर खोली चढवली की दुसरा दीड मजला चढवतो तसंच, फक्त हजार फुटांवर. ४० वॉल स्ट्रीट ९२७ फुटांपर्यंत पोचली आणि त्यांना वाटलं जिंकलो. इकडं व्हॅन ॲलननं इमारतीच्या शेंड्यात, आतल्या पोकळीत, स्टीलचा कळस गुपचूप तयार ठेवला होता, शंभर फुटांहून लांब, २७ टनांचा, तुकड्या-तुकड्यांत वर नेऊन आतच जुळवलेला. २३ ऑक्टोबर १९२९ ला तो आतून वर सरकवला, दीड तासाच्या आसपास काम, आणि इमारत १०४६ फूट झाली. भर शहरात, दिवसाउजेडी, आणि खाली फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळायला लागला.

मी साईटवरचा माणूस आहे म्हणून मला त्या कळसापेक्षा तो वर नेणारे लोक जास्त डोळ्यापुढं येतात. हजार फुटांवर वारा काय असतो, त्यात २७ टन उचलायचं आणि बोल्टची भोकं जुळवायची, आणि आधी कित्येक दिवस हे काम चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. आमच्या पाच मजली साईटवर स्लॅब कधी पडणार हे चहाच्या टपरीवर आम्हाला आधी कळतं.

क्रायस्लरमधे अजून बऱ्याच गोष्टी आहेत. ६१ व्या मजल्याच्या कोपऱ्यांवर स्टीलचे गरुड बाहेर झेपावलेले दिसतात, ते क्रायस्लरच्या १९२९ च्या गाडीच्या बॉनेटवरच्या शोभेच्या गरुडावरून केलेत, आणि ३१ व्या मजल्यावर गाडीच्या रेडिएटरच्या झाकणासारखे आकार. ६६ ते ६८ मजल्यांवर बड्या धंदेवाल्यांचा क्लाउड क्लब होता, तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी बंद पडला. पण याच्यापेक्षा मला वुलवर्थ बिल्डिंगबद्दल जास्त सांगायचंय.

वुलवर्थ १९१३ ची, ७९२ फूट, पाच-दहा सेंटला वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या मालकानं बांधली आणि कर्ज न काढता रोख पैसे दिले, १ कोटी ३५ लाख डॉलर. आत लॉबीत मान वर करून नीट बघितलं तर छताला टेकू दिल्यासारख्या छोट्या कोरीव मूर्ती आहेत. एक मालक, फ्रँक वुलवर्थ, नाणी मोजताना. एक आर्किटेक्ट, कॅस गिल्बर्ट, इमारतीचं मॉडेल दोन्ही हातांत धरून, लेकराला धरावं तसं. आणि एक गुनवाल्ड ऑस, स्ट्रक्चरल इंजिनीयर, गर्डरचं माप घेताना. हे वाचलं आणि मी फोटो शोधून तो झूम करून दहा मिनिटं बघत बसलो. इंजिनीयरची मूर्ती! इमारतीचा दगड समोर लागला की त्यावर नाव असतं मालकाचं, पाहुण्याचं, फार तर आर्किटेक्टचं, आणि जो बीमचा हिशोब करतो त्याला घरचे सोडून कुणी ओळखत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की हाही इथं असावा, कोपऱ्यात का होईना, हातात पट्टी घेऊन. मी तो फोटो मामांना दाखवला. मामांनी चष्मा वर करून बघितला न् म्हणाले, "गवंड्याचा न्हाई का ह्यात कुठं?" मी शोधलं. मला सापडला नाही, आणि ते मला खरंच वाईट वाटलं.

मुलीला अजून एक गोष्ट आवडली, त्या इमारतींतली पत्रांची नळी. जेम्स कटलर नावाच्या माणसानं १८८३ मधे पेटंट घेतलं, वरच्या मजल्यापासून तळापर्यंत एक उभी नळी, समोरून काचेची, कुठल्याही मजल्यावर पत्र आत टाकलं की सरळ खालच्या टपालपेटीत. लिफ्टची वाट बघत उभं राहिलं तर काचेतून वरच्या मजल्यांवरची पत्रं खाली पडताना दिसायची. कधीमधी तुंबायचीही. आता बहुतेक ठिकाणी बंद आहेत, नळी मात्र भिंतीत तशीच.

एवढं अमेरिकेचं बघितल्यावर ती म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं नाही का असं काही लपलेलं?" मी म्हणालो चल, आणि दसऱ्याच्या सुट्टीत नळदुर्गला घेऊन गेलो. लातूरहून सकाळी निघालो तर तुळजापूरचं दर्शन घेऊन दुपारपर्यंत पोचलो.

नळदुर्गचा पाणीमहाल ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पावसाळा संपता-संपता जावं. बोरी नदीवर नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांना जोडणारा दगडी बंधारा आहे, १६१३ च्या सुमाराचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. वरून चालत जाताना तो नुसता बंधाराच वाटतो. आणि मधे एके ठिकाणी पायऱ्या आत उतरतात, बंधाऱ्याच्या आत, अंधारात, आणि खाली महाल. पाणी भरलं की डोक्यावरून नदी जाते, समोर सज्जासारखी जागा, आणि तिच्यापुढं पाण्याचा पडदा. पाणी दोन धारांनी पडतं, लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. एका अंगाला तुंबलेल्या पाण्याचा सगळा दाब, दुसऱ्या अंगाला धबधबा, आणि मधल्या खोलीत माणूस कोरडा उभा. चारशे वर्षं झाली. मी भिंतीला हात लावून उभा होतो आणि मनात हिशोब करत होतो की हा दगड कसा बसवला असेल, आवाज इतका की मुलगी माझ्या कानाशी येऊन ओरडत होती, "पप्पा, आपण नदीच्या आत आहोत!" कुणी म्हणेल हे काही गगनचुंबी नव्हे. उंचीचं सोडा. नदी थोपवायच्या भिंतीत बसायची जागा ठेवणारा कारागीर आणि शेंड्यात कळस लपवणारा व्हॅन ॲलन, मला हे एकाच जातीचे लोक वाटतात.

आता एक गोष्ट जी मुलीला मी अजून सांगितली नाही, जरा मोठी झाल्यावर सांगेन.

न्यूयॉर्कला सिटीकॉर्प सेंटर या नावानं बांधलेली ऑफिसांची इमारत आहे, १९७७ ची, ५९ मजली, ९१५ फूट. जागेच्या एका कोपऱ्यात जुनं चर्च होतं, त्यांनी अट घातली की आमचं नवीन चर्च त्याच कोपऱ्यावर हवं, म्हणून विल्यम लमेझरर या इंजिनीयरनं इमारत चार उंच खांबांवर उचलली, आणि खांब कोपऱ्यांत न देता चारी बाजूंच्या मधोमध दिले. वरचं वजन आणि वाऱ्याचा जोर या मधल्या खांबांपर्यंत आणायला तिरक्या स्टीलच्या पट्ट्यांचा सांगाडा, तो बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या मागं झाकलेला, दिसत नाही. शेंड्याला चारशे टनांचा काँक्रीटचा ठोकळा, वाऱ्यानं इमारत हलली की तो उलट हलून झोका कमी करतो. सगळं हुशारीचं काम.

१९७८ मधे, इमारत वापरात येऊन वर्ष झाल्यावर, लमेझररला कळलं की त्याच्या डिझाईनमधे सांगाड्याचे जोड वेल्डिंगचे होते ते प्रत्यक्षात बोल्टचे केलेत, खर्च आणि वेळ वाचतो म्हणून, आणि त्याच्या ऑफिसनंही त्याला मान्यता दिली होती. त्याच सुमारास विद्यार्थ्यांचे प्रश्न आले होते, डायान हार्टली नावाच्या मुलीनं तर या इमारतीवर थीसिसच केला होता. त्यानं परत हिशोब मांडला, वारा सरळ अंगावर न येता कोपऱ्यावरून तिरका आला तर काय, आणि उत्तर असं आलं की मोठ्या वादळात, लाईट गेली आणि तो ठोकळा बंद पडला तर, इमारत पडू शकते. त्यानं ते लपवलं नाही, मालकाकडं गेला आणि सांगितलं. मग त्या वर्षी पावसाळी वादळांच्या दिवसांत रोज संध्याकाळी ऑफिसं सुटली की वेल्डर आत जायचे, भिंतीचं आवरण काढायचं, दोनशेहून जास्त जोडांवर दोन इंच जाडीच्या स्टीलच्या पट्ट्या वेल्ड करायच्या, सकाळी लोक यायच्या आत सगळं झाकून साफ. खाली रस्त्यावरच्या लोकांना कळलं नाही. जगाला कळलं १९९५ मधे.

मालकाला सांगितलं हे मला फार मोठं वाटतं. लोकांना सतरा वर्षं सांगितलं नाही हे मात्र मला पटत नाही, त्या खाली झोपणाऱ्या माणसांचा तो हक्क होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, आणि मी त्या दोन्ही मनात ठेवतो.

कारण माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, कुठली साईट ते सांगत नाही, शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, खोललं तर एका कॉलमच्या पायथ्याला हनीकोंब, म्हणजे काँक्रीट नीट बसलेलंच नाही, खडी उघडी, आत सळई दिसते. ठेकेदार म्हणाला प्लास्टर मारून घेऊ, संध्याकाळपर्यंत दिसणार पण नाही. दिसणार नाही हे खरं होतं. मला त्या क्षणी आजीची खोली आठवली, पडलेला पदर आणि वर टिकलेलं माळवद. मी म्हणालो फोडा. दोन दिवस काम थांबलं, बोलणी खाल्ली, त्या साईटवरून नंतर मला काढलंही. तो कॉलम फोडून, सळई साफ करून, परत भरला होता आणि त्याच्यावर आज चार मजले आहेत, खाली एक किराणा दुकान आहे, मी गावात गेलो की मुद्दाम तिथून काहीतरी घेतो.

तर वाडा. सगळे खांब काढले, एकूण अकरा निघाले, त्यातले पाच भिंतीत होते. वरची तुळई सोडवली तेव्हा खांबाच्या टोकावर छिन्नीनं मारलेल्या आडव्या खुणा दिसल्या, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, आणि तुळईच्या खाचेतही तशाच जोडीच्या खुणा, म्हणजे सुतारानं खाली जमिनीवर सगळं जुळवून बघितलं होतं आणि कोणता खांब कोणत्या खाचेत जाणार ते लिहून ठेवलं होतं. खांब बसला की ती खूण कायमची आत. अण्णा बराच वेळ त्यावर बोट फिरवत होते. कुणाचं काम ते त्यांनाही माहीत नाही, त्यांच्या आजोबांच्या आधीचं.

नवीन घर आरसीसीचं आहे. पाच नंबरचा खांब आम्ही हॉलमधे ठेवला, वजन काही घेत नाही, नुसता उभा आहे. स्लॅबच्या आधी मी सगळ्या सळयांचे, पाईपांचे, वायरच्या नळ्यांचे फोटो काढले होते, पण मामा म्हणाले, "मोबाईल काय टिकतो व्हय, लिहून ठिव कुठंतरी." म्हणून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून ऑइलपेंटनं लिहिलंय, पूर्वेच्या भिंतीत कॉलम तीन, कोपऱ्यापासून किती फुटांवर, पाण्याची लाईन जमिनीपासून किती उंचीवर, सळई किती एमएमची, तारीख. खाली अण्णांचं, माझं आणि मुलीचं नाव. मी ब्रश ठेवायला लागलो तर मुलीनं तो हातातून घेतला, मामांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं, आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरात ते लिहिलं.